बीपीचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं? परत करण्याआधी हे तपासून पाहा

सकाळी १६८/९४. काही मिनिटांनी पुन्हा लावलं तर १४९/८८. तिसऱ्यांदा १५६/९०. बाबा म्हणतात मशीन बोगस आहे. आई म्हणते डॉक्टर मोजतात तेच खरं. पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत बसलेला मुलगा फोनवर विचारतोय, "मग नक्की किती धरायचं?" आठवडाभरात मशीन डब्यात जातं आणि डबा कपाटात. ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, नेब्युलायझर अशी बरीच यंत्रं आता घरोघरी आली आहेत, पण विश्वास उडून पडून राहण्यात बीपीच्या मशीनचा नंबर पहिला, आणि कारण कायम हेच.

थोडक्यात उत्तर असं, की बहुतेक घरांत मशीन बिघडलेलं नसतंच. पट्टा, हाताची जागा, बसण्याची पद्धत आणि मोजण्याआधीचा अर्धा तास यांपैकी काहीतरी दर वेळी बदलत असतं, आणि मशीन ते इमानदारीने दाखवत असतं. म्हणून आधी मोजण्याची पद्धत पक्की करायची आणि मगच मशीनवर संशय घ्यायचा. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे.

त्याआधी एक अपवाद. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसायला अचानक कमी होणं यांपैकी काहीही असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. आकडा तेवढाच आहे पण त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तरीही तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आकडा पाहून घाबरून घरातली जास्तीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. बीपी झटक्यात खाली आणणंही वयस्कर माणसाला घातक ठरू शकतं.

दोन आकडे सारखे येतच नाहीत, ते का?

जुन्या पाऱ्याच्या मशीनमध्ये डॉक्टर कानाला स्टेथोस्कोप लावून धमनीतला आवाज ऐकतात. आवाज सुरू झाला की वरचं बीपी, बंद झाला की खालचं. निकोलाय कोरोटकॉव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये मांडलेली ही पद्धत. घरचं डिजिटल मशीन मात्र काहीच ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटत असताना (काही मशीनमध्ये भरली जात असताना) नाडीच्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यात बारीकशी थरथर होते, ती ते टिपतं. थरथर सगळ्यात मोठी असते तिथे सरासरी दाब धरायचा आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा गणिताने काढायचा, असं त्याचं काम चालतं. हे गणित प्रत्येक कंपनीचं स्वतःचं आणि गुप्त असतं. त्यामुळे शेजारच्या काकांचं वेगळ्या कंपनीचं मशीन आणून त्याच हाताला लावलं, तर पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. त्यावरून कुठलंच मशीन खोटं ठरत नाही.

शिवाय हात हलला, बोलणं झालं, खोकला आला, तरी पट्ट्यात थरथर होतेच. ती नाडीची की हाताची, हे मशीनला दर वेळी कळेलच असं नाही. आणि मुळात बीपी ही स्थिर गोष्ट नाही. ते श्वासागणिक थोडं वरखाली होतं, दुपारच्या जेवणानंतर वयस्कर माणसांत बऱ्याचदा उतरतं, थंडीत चढतं. दोन मोजण्यांमध्ये पाच-दहा अंकांचा फरक असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वीस-पंचवीसचा फरक रोज पडत असेल तर मात्र कारण शोधायला हवं.

सगळ्यात आधी पट्टा

डब्यातून येणारा पट्टा सगळ्यांना बसतो, हा गैरसमज बहुतेक घरांत आहे. पट्ट्यावर छोट्या अक्षरांत माप लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ २२ ते ३२ सेंटीमीटर. काही मशीनसोबत २२ ते ४२ चा मोठा पट्टा येतो. शिंप्याची टेप घ्या. ज्याचं बीपी मोजायचं त्याच्या दंडाचा घेर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये मोजा. घेर पट्ट्याच्या मापात बसत नसेल तर बाकी कितीही काळजी घ्या, आकडा चुकीचाच येणार.

किती चुकीचा, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मोजून पाहिलं गेलं. ज्यांना मोठा पट्टा हवा होता त्यांना मध्यम मापाचा लावला, तर वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला. ज्यांना त्याहूनही मोठा, अतिमोठा हवा होता, त्यांच्यात तो तब्बल १९.५ ने जास्त आला. म्हणजे १२५ वाला माणूस १४५ दिसणार, आणि गरज नसताना गोळी सुरू व्हायची वेळ. उलट बारीक दंडाच्या माणसाला तोच मध्यम पट्टा मोठा पडतो. तिथे आकडा ३.६ ने कमी आला.

हे उलटं प्रकरण आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. सत्तरी ओलांडलेल्या आजीचा दंड १९-२० सेंटीमीटरचा असतो, त्यावर २२ पासून सुरू होणारा पट्टा सैल गुंडाळला जातो आणि घरचे खूश, "आजीचं बीपी एकदम नॉर्मल." छोटा पट्टा वेगळा विकत मिळतो. फक्त तो त्याच कंपनीचा आणि तुमच्या मॉडेलला चालणारा असल्याची मेडिकलवाल्याकडून खात्री करून घ्या. नळीचं तोंड बसतंय म्हणून दुसऱ्या कंपनीचा पट्टा जोडू नका, कारण ते गुप्त गणित स्वतःच्या पट्ट्यावर बेतलेलं असतं.

पट्टा बांधताना त्याची खालची कड कोपराच्या वळणापासून दोन बोटं वर राहिली पाहिजे. नळी दंडाच्या आतल्या बाजूने, मधल्या बोटाच्या रेषेत खाली यावी. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम सरकतील इतका घट्ट हवा. आणि पट्टा उघड्या कातडीवर. शर्टाची, स्वेटरची बाही वर गुंडाळली की दंडाला आवळ पडतो आणि तिथेच घोळ होतो. बायकांच्या बाबतीत घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवणं हा रोजचाच प्रकार आहे. सकाळी सैल गाऊन घालून किंवा बाही मोकळी असलेल्या कपड्यात मोजलं तर प्रश्न मिटतो. काहीच शक्य नसेल तर बाही वर ओढून आवळण्यापेक्षा पातळ सुती बाहीवरून पट्टा बांधलेला बरा.

हात कुठे होता?

माझ्या मते घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे. पलंगावर बसून, हात मांडीवर ठेवून मोजतात. कधी हात खाली लोंबत असतो. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा खाली गेला की रक्ताच्या स्तंभाचा भार त्यात मिळतो. दहा सेंटीमीटर खाली म्हणजे साधारण सात-आठ अंक जास्त. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १३३ जणांवर हेच तपासलं. टेबलावर हात टेकवून मोजलेल्या आकड्याच्या तुलनेत, मांडीवर हात ठेवला तर वरचा आकडा ३.९ आणि खालचा ४ ने जास्त निघाला. हात बाजूला सोडला तर वरचा ६.५ आणि खालचा ४.४ ने जास्त.

म्हणून जेवणाच्या टेबलाशी, पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसायचं. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर, म्हणजे पट्ट्याचा मध्य छातीच्या मधोमध येतो. तळहात वर, मूठ सैल. हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरायचा नाही, टेकलेला असायला हवा. घरात टेबल-खुर्ची नसेल तर भिंतीला टेकून बसा आणि हात स्टुलावर ठेवा. रोज तीच जागा आणि तीच पद्धत, एवढं पाळलं तरी आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं बीपी झोपूनच मोजावं लागतं. तेव्हा हात गादीवर सपाट पडू न देता खाली पातळ उशी द्या, आणि वहीत "झोपून" असं लिहा. बसून घेतलेले आणि झोपून घेतलेले आकडे एकाच रांगेत मांडले की डॉक्टरांनाही त्यातून काही बोध होत नाही.

मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं?

चहा-कॉफी, फिरून येणं, जिना चढणं, आंघोळ, तंबाखू, यांतलं काहीही झालं असेल तर अर्धा तास थांबा. हे नियम माहितीपत्रकात असतातच. त्यात नसलेली एक गोष्ट म्हणजे मशेरी. आपल्याकडे कित्येक आज्या आणि मावश्या सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मशेरी लावतात आणि नंतर बीपीला बसतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि नाडी-बीपी दोन्ही चढतं. "आई तंबाखू खात नाही हो" असं मुलगा डॉक्टरांना छातीठोकपणे सांगतो, कारण मशेरी त्याच्या हिशेबात धरलेलीच नसते. तपकिरीचंही तसंच. सोडवता आली तर उत्तमच, पण निदान मोजणं तरी मशेरीच्या आधी करा.

लघवी तुंबलेली असली तरी बीपी वर जातं, म्हणून आधी बाथरूमला जाऊन या. मग खुर्चीत पाच मिनिटं नुसतं बसा. टीव्हीवर बातम्यांची हाणामारी नको, मोबाइल नको, आणि मोजताना बोलणं अजिबात नको. परगावची मुलं आईला व्हिडिओ कॉलवर बसवून "हां, आता बटण दाब, किती आलं, दाखव बघू" असं करतात तेव्हा ती उत्साहाने बोलत असते, हसत असते, कधी रागावतही असते. त्या आकड्यात मुलाशी बोलण्याचे पाच-दहा अंक मिसळलेले असतात. कॉल मोजून झाल्यावर करा.

कोणता हात?

पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा. थोडा फरक असतोच. पुन्हा पुन्हा मोजूनही वरच्या आकड्यात दहापेक्षा जास्त फरक राहत असेल तर तो डॉक्टरांना सांगा, आणि इथून पुढे ज्या हाताचा आकडा जास्त येतो त्याच हाताचं मोजत राहा. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला आहे त्या हाताला पट्टा लावायचा नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

घरी ब्युरोकडून मावशी येत असतील तर हा मुद्दा जास्तच लागू पडतो. दिवसाच्या मावशी उजव्या हाताला लावतात, रात्रीच्या डाव्या. एक खुर्चीत बसवून मोजतात, दुसऱ्या पलंगावर. घरचे मग "रात्री बीपी वाढतं" असा निष्कर्ष काढून मोकळे. मशीनच्या डब्यावर एक कागद चिकटवा: "डावा हात. खुर्चीत. पाच मिनिटं बसवून. बोलू न देता." प्रशिक्षणाच्या चार व्याख्यानांपेक्षा हा कागद जास्त काम करतो.

आता मशीनची पाळी

वरचं सगळं नीट केल्यावरही आकडे उड्या मारत असतील तर यंत्राकडे वळा.

सेल पहिले. पंप चालवायला बरीच ताकद लागते, त्यामुळे उतरलेल्या सेलवर पट्टा अर्धवट फुगतो, मध्येच थांबतो, नाहीतर एरर येते. चारही सेल एकदम आणि एकाच प्रकारचे बदला. दोन जुने दोन नवे असा हिशेबीपणा इथे महागात पडतो. रिमोटमधले जुने सेल काढून घालू नका. मशीन महिनाभर वापरात नसणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे गंजतात. अ‍ॅडॅप्टर वापरत असाल तर कंपनीचाच वापरा, मोबाइलचा चार्जर नव्हे.

मग हवा. पट्टा फुगतो पण लगेच ढिला पडतो, किंवा मशीन दोन-तीनदा फुगवून एरर देतं, तर नळीच्या टोकाशी आणि पट्ट्याच्या शिवणीशी कान लावून ऐका. वेल्क्रोत दोरे-केस अडकून ते सुटतं, तेही पाहा. नळी मुडपून डब्यात कोंबायची सवय असेल तर घडीच्या जागी चीर पडते. पट्टा वेगळा बदलता येतो, त्यासाठी अख्खं मशीन टाकून द्यायला नको. एररचे क्रमांक प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. शेजाऱ्याच्या मशीनचा अर्थ तुमच्याला लावू नका, पुस्तिका पाहा.

शेवटची परीक्षा दवाखान्यात. पुढच्या भेटीला मशीन सोबत न्या. पाच मिनिटं बसल्यावर त्याच हाताला आधी डॉक्टरांचं, मग तुमचं, पुन्हा डॉक्टरांचं, पुन्हा तुमचं, मध्ये एकेक मिनिट सोडून. फरक पाचच्या आत असेल तर निश्चिंत राहा. दर वेळी एकाच दिशेने दहापेक्षा जास्त फरक पडत असेल तर मशीन बदलायच्या लायकीचं आहे. वर्षातून एकदा ही तुलना करावी, आणि मशीन खाली पडल्यावर तर नक्कीच. दवाखाना गजबजलेला असेल तर डॉक्टरांना दोन मिनिटं मागायला लाजू नका. बरेचसे डॉक्टर आनंदाने करतात, कारण नंतर त्याच मशीनच्या आकड्यांवर त्यांना औषध ठरवायचं असतं.

एक वेगळी शक्यता या परीक्षेत कळते. मशीन बरोबर, पद्धत बरोबर, तरी दवाखान्यात कायम जास्त आणि घरी कायम कमी. डॉक्टरांसमोर बीपी चढणारी माणसं खूप आहेत. याच्या उलट, दवाखान्यात छान आणि घरी जास्त, असेही असतात, आणि हा दुसरा प्रकार जास्त काळजीचा, कारण तो घरी मोजल्याशिवाय सापडतच नाही. दोन्हींत घरचे आकडे डॉक्टरांपुढे ठेवणं हाच मार्ग. गरज वाटली तर ते २४ तासांचं मशीन बांधायला सांगतील.

मशीनही ठीक, पद्धतही ठीक, तरी उड्या

पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसते का? हृदयाची लय बिघडलेली असेल तर प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा असतो आणि या प्रकारच्या मशीनचं गणित गडबडतं. खूण एखाद्या वेळी दिसली तर हात हललाही असेल. पण रोज दिसत असेल तर ईसीजी काढून घ्या. हे मशीनचं दुखणं नव्हे.

औषधांची पिशवी उलटी करून पाहा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, ही सगळी बीपी वाढवू शकतात. पाण्यात फसफसणाऱ्या पित्ताच्या पावडरी आणि गोळ्यांमध्ये भरपूर सोडियम असतं. खोकल्यासाठी रोज घेतला जाणारा ज्येष्ठमधाचा काढाही यात येतो. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर शरीरात मीठ-पाणी धरून ठेवलं जातं आणि बीपी चढतं. घरगुती आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.

आणि उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. कुणीतरी शेजारी आधाराला हवं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. रात्री बाथरूमला जाताना पडण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

किती वेळा मोजायचं?

मशीन नवीन असताना काही लोक दिवसातून पंधरा वेळा मोजतात. आकडा जास्त आला की भीती, भीतीने आणखी जास्त, म्हणून पुन्हा मोजायचं. लागोपाठ फुगवल्याने दंड आंबतो आणि आकडे आणखी बिघडतात ते वेगळंच. अशा माणसाच्या हातून आठवड्यातले काही दिवस मशीन काढून घेणं हाही उपाय आहे, आणि मी तो गंमत म्हणून सुचवत नाही.

डॉक्टरांच्या भेटीआधी सात दिवस असं करा. सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, गोळी आणि नाश्त्याच्या आधी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. रात्री जेवणाआधी किंवा झोपण्याआधी तसंच दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, बाकी सहा दिवसांची सरासरी काढायची. घरच्या मोजमापात ही सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढे गेली तर ते साधारण दवाखान्यातल्या १४०/९० सारखं धरतात. मधुमेह, किडनीचा आजार, वय यांनुसार प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं असतं आणि ते डॉक्टर ठरवतात. बीपी आटोक्यात असेल तर एरवी आठवड्यात एक-दोन दिवस मोजलं तरी पुरतं. नवीन गोळी सुरू झाली किंवा बदलली की पुन्हा तो सात दिवसांचा नियम.

सुरुवातीला "नक्की किती धरायचं" असं जे विचारलं होतं त्याचं उत्तर ही सरासरी. एकटा १६८ ही नाही आणि एकटा १४९ ही नाही. परगावच्या मुलांना एक विनंती: रोज सकाळी "आज किती?" विचारू नका. आई-वडील मग तुम्हाला बरं वाटावं म्हणून मोजतात, आणि तीनदा मोजून त्यातला सगळ्यात कमी आकडा सांगतात. आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो मागा.

अ‍ॅपमध्ये आकडे येत नाहीत, किंवा दुसऱ्याचेच येतात

ब्लूटूथवालं मशीन घेतलं असेल तर नेहमीच्या तक्रारी तीन-चारच आहेत. मशीन सापडतच नसेल तर ते फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडू नका, कंपनीच्या अ‍ॅपमधून जोडा. तिथे आधीच चुकून जोडलेलं असेल तर आधी ती जोडणी काढून टाका. अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनवर ब्लूटूथ शोधण्यासाठी लोकेशन चालू लागतं, १२ पासून पुढे जवळच्या उपकरणांची वेगळी परवानगी द्यावी लागते. आई घाबरून "नको" दाबते आणि तिथेच सगळं अडतं. बॅटरी वाचवण्याची सेटिंग अ‍ॅपला मागे झोपवून टाकत असेल तर त्या अ‍ॅपपुरती ती बंद करा.

सेल बदलल्यावर बऱ्याच मशीनचं घड्याळ मागे जातं. मग आजचा आकडा अ‍ॅपमध्ये कुठल्यातरी जुन्याच तारखेखाली जाऊन बसतो आणि आपण म्हणतो आलाच नाही. सेल बदलले की तारीख-वेळ तपासायची. आणि दोघांसाठी एकच मशीन असेल तर त्यावरचं एक-दोन माणसांचं बटण नक्की वापरा. आईचे ११८ आणि बाबांचे १६२ एकाच खात्यात मिसळले की आलेख झोपाळ्यासारखा दिसतो आणि सरासरी दोघांपैकी कुणाचीच नसते. बाबांच्या बाजूला लाल, आईच्या बाजूला हिरवी टिकली चिकटवा. अ‍ॅप जमतच नसेल तर सोडून द्या. वही आणि पेन चालतं, डॉक्टरांना ते चटकन वाचताही येतं.

बदलायचंच ठरलं तर

दंडावर बांधायचं मशीन घ्या. मनगटाचं मशीन हात हृदयाच्या पातळीला धरला नाही की लगेच चुकतं, दंड फारच जाड असल्यामुळे पट्टा बसत नसेल तरच त्याचा विचार करा. बीपी सांगणारी बहुतेक घड्याळं अधूनमधून पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात, म्हणजे मशीन घरात लागतंच, आणि त्यांच्या आकड्यावर औषध ठरवू नये. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी अ‍ॅप सरळ काढून टाका.

मॉडेलची तपासणी झाली आहे का ते स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय यादीत फुकट बघता येतं. या तपासण्यांची आंतरराष्ट्रीय अट अशी, की किमान ८५ माणसांवर मोजून सरासरी चूक पाचच्या आत आणि तिचा पसारा, म्हणजे चुका त्या सरासरीभोवती किती विखुरलेल्या आहेत ते, आठच्या आत असावा. कंपनी मोठी आहे म्हणून तिचं प्रत्येक मॉडेल यादीत असेलच असं नाही, त्यामुळे नाव नव्हे तर मॉडेलचा क्रमांक जुळवून पाहा. बोलून आकडा सांगणारं मशीन नजर अधू असलेल्यांना सोयीचं. ब्लूटूथसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी ते घरात कोण वापरणार हे विचारून घ्या.

घरात जुनं पाऱ्याचं मशीन असेल तर ते लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि कचऱ्यातही टाकू नका, पारा सांडला की निस्तरणं अवघड. ओळखीच्या हॉस्पिटलमध्ये विचारा, त्यांच्याकडे धोकादायक कचरा वेगळा काढण्याची सोय असते. आणि नव्या मशीनसाठी दुकानात जाताना दंडाचा घेर कागदावर लिहून न्या. दुकानदार तो विचारणार नाही, तुम्हालाच सांगावा लागेल.